जोसे फोंतेची कारकीर्द : तिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात आलेला बचावपटू आमच्या मुलांना कसा समजावून सांगावा?

क्रीडाशिक्षक_जिंतूर

सर्वांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक असून गेली चौदा वर्षे मुलांना फुटबॉल शिकवतो. आमचे मैदान काळ्या मातीचे आहे. पावसाळ्यात चेंडू टप्पा न घेता जागीच रुतून बसतो, आणि उन्हाळ्यात जमिनीला दोन बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे वर्षाकाठी खेळण्याजोगे पाच-सहा महिनेच हाती लागतात. तरीही सकाळी साडेपाचला पंचवीस-तीस मुले येतात, आणि त्यांच्यातल्याच एका मुलासाठी मी हा प्रश्न विचारत आहे.

हा मुलगा बारावीत असून बचावफळीच्या मध्यभागी खेळतो. वडील मोंढ्यात हमाली करतात. उंची सहा फुटांच्या जवळपास आहे, हवेतून येणारा चेंडू तो सहसा सोडत नाही, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या खेळाडूंना सतत आवाज देत राहतो, जे या वयात फार थोड्या मुलांना जमते. गेल्या महिन्यात एका मोठ्या शहरातील निवड चाचणीला मी त्याला घेऊन गेलो होतो. दोन दिवस खेळवून झाल्यावर ‘पाय जड आहेत, वळायला वेळ लावतो’ एवढेच सांगून त्याला परत पाठवण्यात आले. परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने शाळेचे बूट मला आणून दिले. ते स्वच्छ धुतलेले होते, तळव्याच्या खिळ्यांमधली माती काडीने कोरून काढलेली होती आणि जोड वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. आता फक्त पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करतो, असे तो म्हणाला. भरतीची तयारी त्याने जरूर करावी, घरची परिस्थिती पाहता ती करायलाच हवी. पण त्या एका वाक्यावरून त्याने स्वतःला फुटबॉलमधून बाद ठरवावे, हे मला मान्य होत नाही.

त्याला कुणाची तरी खरी हकिकत सांगावी म्हणून शोधत असताना पोर्तुगालचा बचावपटू जोसे फोंते याचे नाव समोर आले. वयाच्या तिसाव्या वर्षी तो राष्ट्रीय संघात आला आणि बत्तिसाव्या वर्षी युरोपीय विजेत्या संघात खेळला, एवढे मला माहीत आहे. मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. विसाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंत हा माणूस नेमका कुठे होता आणि काय करत होता? इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत तो स्वतःहून गेला, असे वाचले. खाली उतरण्यातून वर जाण्याची वाट कशी निघाली? आणि अशी हकिकत आपल्याकडच्या मुलाला सांगणे योग्य आहे, की त्यातून त्याला खोटी आशा लावल्यासारखे होईल?

गोदाकाठ_नांदेड

सर, आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो. तिसऱ्या प्रश्नावर माझ्यापेक्षा शिकवणाऱ्यांनी बोलावे.

फोंतेचा जन्म 22 डिसेंबर 1983 रोजी उत्तर पोर्तुगालमधील पेनाफिएल येथे झाला. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या युवा विभागात तो घडला, परंतु तिथे राखीव संघाच्या पुढे त्याला जाता आले नाही. ज्या क्लबने त्याला वाढवले, त्याच्या मुख्य संघात त्याच्यासाठी जागा नव्हती. 2004 मध्ये तो फेल्गेरास या दुसऱ्या श्रेणीतील क्लबकडे गेला. वर्षभरात व्हितोरिया सेतूबालने त्याला अव्वल श्रेणीत घेतले, पण तो क्लब पैशांच्या अडचणीत सापडला आणि जानेवारी 2006 मध्ये फोंतेने बेन्फिकाशी करार केला. नाव मोठे असले तरी बेन्फिकाच्या मुख्य संघात त्याला खेळवले गेले नाही. लगोलग त्याला पासोस दे फेरेराकडे आणि पुढच्या हंगामात एश्त्रेला दा आमादोराकडे उसनवारीवर (करार मूळ क्लबशीच, पण खेळायचे दुसऱ्याकडून) पाठवण्यात आले. 2007 मध्ये त्याच बोलीवर तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसकडे गेला आणि वर्षभराने तिथे कायम झाला. म्हणजे तीन वर्षांत त्याने पाच ठिकाणी बिऱ्हाड हलवले होते. ‘मोठ्या क्लबचा खेळाडू’ असे कागदावर म्हणवून घेत लिस्बनमध्ये बसून राहण्याचा मोह अनेकांना होतो; त्याने तो टाळला, हे मला त्याच्या कारकिर्दीतील पहिले शहाणपण वाटते.

क्रिस्टल पॅलेस तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता. या श्रेणीत चोवीस संघ असतात आणि प्रत्येकाला हंगामात 46 साखळी सामने खेळावे लागतात. शिवाय चषक स्पर्धा वेगळ्या. शनिवारी सामना, मंगळवारी पुन्हा सामना, अंगावर येणारे दणकट आघाडीवीर आणि पेनल्टी क्षेत्रात सतत पडणारे उंच चेंडू, अशा वातावरणात तो अडीच वर्षे राहिला. फोंतेचे खरे शिक्षण तिथे झाले, असे माझे मत आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. जानेवारी 2010 मध्ये तो साउदॅम्प्टनकडे गेला, तेव्हा तो क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. आदल्या वर्षी आर्थिक डबघाईमुळे त्याचे दहा गुण कापले गेले होते आणि नव्या मालकाने नुकतेच त्याला सावरले होते. सव्वीस वर्षांच्या खेळाडूने दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत जाणे म्हणजे सरळसरळ उतरणीला लागणे, असे कुणालाही वाटले असते. परंतु क्लब वर जाण्याच्या तयारीने माणसे जमवत होता आणि त्या बांधणीत फोंतेला बचावाच्या मध्यभागी हक्काची जागा मिळणार होती. त्याच मार्चमध्ये वेम्बलीवर कार्लाइलला 4-1 असे हरवून संघाने खालच्या श्रेणींसाठीचा चषक जिंकला. 2011 मध्ये साउदॅम्प्टन दुसऱ्या श्रेणीत आणि 2012 मध्ये अव्वल श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. म्हणजे फोंतेला कोणी वरच्या श्रेणीत बोलावून घेतले नाही. ज्या संघात तो खेळत होता, तो संघच त्याच्यासह वर चढला.

2014 च्या उन्हाळ्यात लल्लाना, लॅम्बर्ट, लोव्हरेन, शॉ आणि चेंबर्स असे एकामागून एक खेळाडू मोठ्या क्लबांकडे निघून गेले. आता हा संघ कोसळणार, असे सर्वत्र बोलले जात असताना कर्णधारपद फोंतेकडे आले, आणि त्या हंगामात संघ सातव्या स्थानावर राहिला. 38 सामन्यांत त्यांनी केवळ 33 गोल स्वीकारले, आणि विजेत्या चेल्सीने स्वीकारले होते 32. त्या हंगामाच्या मध्यावरच, 18 नोव्हेंबर 2014 रोजी, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर (आपल्या ओळखीचे क्रिकेटचे नव्हे, त्याच नावाचे फुटबॉलचे मैदान) अर्जेंटिनाविरुद्ध तो पोर्तुगालकडून प्रथम खेळला. एकतीस पूर्ण व्हायला महिनाभर शिल्लक होता.

माजी_खेळाडू_संभाजीनगर

वरील माहिती अचूक आहे, पण सरांच्या तिसऱ्या प्रश्नावर मला थोडे वेगळे सांगायचे आहे आणि ते कटू वाटले तरी सांगणे मला आवश्यक वाटते.

मीही बचावपटू होतो आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोहोचलो. फोंतेची हकिकत सांगताना ‘जिद्द धरली आणि शेवटी यश मिळाले’ एवढेच त्या मुलापर्यंत गेले, तर त्याच्यावर अन्याय होईल. फोंतेचे वडील स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू होते आणि धाकटा भाऊ रुई हाही आघाडीवीर म्हणून नावारूपाला आला. स्पोर्टिंगसारख्या क्लबात त्याचे लहानपण गेले. त्याला नाकारले गेले, हे खरेच आहे. परंतु नाकारल्यानंतर उतरायला खाली एक पायरी होती, तिच्याखाली आणखी एक होती, आणि प्रत्येक पायरीवर वर्षभर दर आठवड्याला सामना होता. आपल्याकडे निवड चाचणीत ज्याला नको म्हटले जाते, त्याने दुसऱ्या दिवशी जायचे कुठे?

मी एकदा बसून मोजले होते. आठवी ते अकरावी या चार वर्षांत मी शाळेकडून एकूण अकरा अधिकृत सामने खेळलो. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तालुक्याला किंवा जिल्ह्याला एक सामना हरला की त्या संघाचे वर्ष तिथेच संपते. एका वर्षी पहिल्याच सामन्यात, पावसाने भरलेल्या मैदानावर, माझ्या पायाखालून चेंडू निसटला आणि आम्ही 0-1 ने हरलो. ती चूक सुधारण्याची पुढची संधी मला अकरा महिन्यांनी मिळाली. माझ्या चार वर्षांतले अकरा सामने क्रिस्टल पॅलेसच्या खेळाडूचे दोन महिन्यांत होऊन जातात. अशी चूक त्यानेही केली असेल, पण ती शनिवारची चूक मंगळवारी दुरुस्त करायला तो पुन्हा मैदानात उभा असे.

आघाडीवीराचे तसे नसते. त्याने चाचणीत दोन सुंदर गोल केले की तो डोळ्यांत भरतो. बचावपटूचे चांगले काम म्हणजे जे घडले नाही ते. समोरच्याला पासच मिळाला नाही, फटका मारण्याची वेळच आली नाही. दोन दिवसांत हे कोणालाही दिसत नाही, आणि दिसतो तो फक्त एखादा चुकलेला वळसा. म्हणून सरांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्या मुलाला फोंतेचा चषक दाखवण्याआधी त्याचे सामने मोजून दाखवावेत, आणि आपल्या मुलांना वर्षाला निदान पंधरा सामने कसे देता येतील, याचा विचार आपण येथे सर्वांनी मिळून करावा. तेवढे झाले नाही तर ही हकिकत ऐकून तो मुलगा आणखी दोन वर्षे थांबेल, आणि भरतीचे वय मात्र पुढे सरकत राहील.

लातूरची_प्रशिक्षक

नमस्कार सर. मी लातूरमध्ये मुलींच्या संघाला शिकवते. दादांनी सामन्यांच्या संख्येबद्दल लिहिले आहे, ते मला शंभर टक्के पटते. मी फक्त ‘पाय जड आहेत’ या शेऱ्यावर लिहिते, कारण माझ्या मुलींनाही तो अनेकदा ऐकवला जातो, आणि फोंतेचा खेळ हे त्याचे उत्तम उत्तर आहे.

वेग हे फोंतेचे बलस्थान कधीच नव्हते. 2016 च्या युरोपीय स्पर्धेत गटसाखळीच्या तिन्ही सामन्यांत तो बाहेर बसून होता. मध्यभागी पेपे आणि रिकार्दो कार्व्हालो खेळत होते. पोर्तुगालचे तिन्ही सामने बरोबरीत सुटले, हंगेरीने तर तीन गोल चढवले. त्यानंतर प्रशिक्षक फर्नांडो सांतोस यांनी 25 जून रोजी लान्स येथे क्रोएशियाविरुद्ध फोंतेला उतरवले, आणि तो सामना, सर, आपण त्या मुलाला संपूर्ण दाखवाच. तो कंटाळवाणा आहे असे अनेक जण म्हणतात. मला मात्र बचाव शिकवायला त्याच्याइतका उपयुक्त सामना दुसरा सापडलेला नाही. 117 व्या मिनिटाला क्वारेस्माने गोल केला, पण तोपर्यंत जवळजवळ दोन तास मोद्रिच आणि राकितिच यांच्यासारख्या मध्यरक्षकांना चेंडू पुढे देण्यासाठी फट सापडू दिली नाही, हे खरे पाहण्यासारखे आहे.

पाहताना चेंडूकडे पाहू नये, फक्त फोंतेच्या पावलांकडे पाहावे. समोरचा आघाडीवीर पाठ करून उभा असताना तो त्याच्या अगदी मागे सरळ उभा राहत नाही. थोडा तिरपा, एक पाऊल मागे, गोलपोस्टच्या बाजूचा खांदा उघडा ठेवून उभा राहतो. त्यामुळे चेंडू पाठीमागे टाकला गेला, तर त्याला पूर्ण गिरकी घ्यावी लागत नाही. तो अर्धा आधीच वळलेला असतो. ज्याला वळायला वेळ लागतो त्याने आधी वळून ठेवायचे, इतके ते साधे आहे. मी मुलींना हे शिकवते तेव्हा जमिनीवर चुन्याने घड्याळाची तबकडी काढते. गोलपोस्ट बाराच्या ठिकाणी आणि आघाडीवीर सहाच्या ठिकाणी धरला, तर आपल्या पायांची बोटे नेमकी सहाकडे कधीच नसावीत. ती चारकडे किंवा आठकडे असावीत. दहा दिवस रोज पंधरा मिनिटे हा एकच सराव करून घ्यावा. माझ्या संघातील ज्या मुलीला ‘अवजड’ म्हटले जात असे, तिच्या पाठीमागून चेंडू जाणे तीन आठवड्यांत बरेच कमी झाले, आणि तिचा धावण्याचा वेग तसूभरही वाढलेला नव्हता.

क्रोएशियानंतर पोलंड, वेल्स आणि अंतिम फेरीत फ्रान्स, या चारही बाद सामन्यांत फोंते पहिल्या अकरांत होता. त्या चार सामन्यांत पोर्तुगालवर एकच गोल झाला, तो पोलंडच्या लेवांडोव्हस्कीचा, अगदी दुसऱ्या मिनिटाला. वेल्सविरुद्ध पेपे दुखापतीमुळे नव्हता, तर ब्रुनो अल्वेस शेजारी आला. तरीही बचाव विस्कटला नाही. 10 जुलैच्या अंतिम सामन्यात पंचविसाव्या मिनिटाला रोनाल्डो जायबंदी होऊन बाहेर गेला, आणि 109 व्या मिनिटाला एडरचा गोल होईपर्यंत यजमान फ्रान्सला थोपवून धरण्याचे काम मुख्यतः या बचावफळीने आणि गोलरक्षक पात्रिसिओने केले.

आणखी एक गोष्ट त्या मुलाला जरूर सांगा. 2015 मध्ये साउदॅम्प्टनने व्हर्जिल व्हॅन डाइकला सेल्टिककडून आणले, तेव्हा त्याच्या शेजारी कर्णधार म्हणून फोंते उभा होता. व्हॅन डाइक पुढे जगातला अव्वल बचावपटू म्हणून ओळखला जाऊ लागला. 9 जून 2019 रोजी पोर्तो येथे नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तेव्हा व्हॅन डाइक नेदरलँड्सचा कर्णधार होता आणि पोर्तुगालच्या बचावात पस्तीस वर्षांचा फोंते बावीस वर्षांच्या रुबेन डियासला सोबत घेऊन खेळत होता. पोर्तुगाल 1-0 ने जिंकला. दर वेळी नवा जोडीदार मिळाला तरी त्याला आवाज देऊन जागेवर ठेवणे, हीच त्याची खरी ताकद होती. आपला विद्यार्थी शेजाऱ्यांना सतत आवाज देतो, असे आपण लिहिले आहे. सर, निवड चाचणीत हा गुण कुणी टिपला नसेल, पण आपण तो टिपला आहे.

लंडनच्या वेस्ट हॅममधील वर्षाच्या शेवटी त्याला दुखापत झाली आणि चीनमधील मुक्काम थोडक्यात आटोपला. त्यावर वेळ घालवू नये. लीलवर मात्र घालवावा. 2018 मध्ये तो फ्रान्सच्या या क्लबकडे गेला, आणि 2020-21 च्या हंगामात कर्णधार म्हणून त्याने फ्रेंच विजेतेपद मिळवले. लीलचे 83 गुण, दुसऱ्या आलेल्या पॅरिसच्या क्लबचे 82. 38 सामन्यांत लीलवर फक्त 23 गोल झाले. फोंते तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि शेजारी खेळणारा स्वेन बोटमन एकवीस वर्षांचा.

गोदाकाठ_नांदेड

संभाजीनगरच्या दादांचा मुद्दा मनाला लागला. सामने द्यायचेच असतील तर एक सूचना करतो. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा आणि नांदेड ही सगळी स्थानके एकाच रेल्वेमार्गावर आहेत, आणि या प्रत्येक ठिकाणी फुटबॉल खेळणारी मुले आहेत. जिंतूर धरून सहा संघ झाले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे ठरवले, तर प्रत्येक मुलाला दहा सामने मिळतात. बक्षीस, मंडप, पाहुणे यांतले काहीही नको; रविवारी सकाळच्या गाडीने जावे, खेळावे आणि दुपारी परत यावे. नांदेडच्या संघाची आणि दोन पंचांची जबाबदारी मी घेतो.

क्रीडाशिक्षक_जिंतूर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण आधी काही करून पाहावे आणि मग लिहावे, असे ठरवले होते.

ताई, क्रोएशियाचा सामना आम्ही शाळेच्या संगणक कक्षात दोन सकाळी मिळून पाहिला. चुन्याने तबकडी काढून सराव सुरू केला आहे. पहिल्या दिवशी तो मुलगा मैदानाच्या कडेला भरतीच्या धावण्यासाठी आला होता आणि धावता धावता पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून तबकडीवर येऊन उभा राहिला, तेही धावण्याच्या साध्या बुटांत. मी त्याला काहीच विचारले नाही. शाळेचे बूट अजून माझ्या कपाटात त्याच वर्तमानपत्रात आहेत.

दादा, आपण म्हणालात तसे मी त्याच्यासमोर चषकाऐवजी सामने मोजायला बसलो. त्याने स्वतःचे आकडे वहीत लिहिले. नववीपासूनचे अधिकृत सामने नऊ निघाले. बराच वेळ तो त्या आकड्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “सर, म्हणजे मी अजून खेळलोच नाही.” भरतीची तयारी तो सोडणार नाही आणि मीही ती सोडायला सांगणार नाही, सकाळी धावणे आणि संध्याकाळी चेंडू, असे आमचे ठरले आहे.

सेलू आणि परभणीच्या शिक्षकांनी होकार दिला आहे, पूर्णेचे सहकारी या आठवड्यात कळवतील. मानवतला मात्र मैदानाची अडचण आहे, तेव्हा त्यांचे सगळे सामने सेलूला घ्यावेत असे वाटते. दिवाळीनंतर जमीन वाफशावर आली की पहिल्या रविवारी सुरुवात करू. जिंतूरला रेल्वे नसल्याने आम्हाला सेलूपर्यंत एसटीने यावे लागेल आणि सकाळची पहिली गाडी साडेसातच्या आधी पोहोचत नाही, म्हणून आमचे सामने नऊच्या पुढे ठेवावेत, एवढी नांदेडच्या भाऊंना विनंती आहे.